सातव्या प्रश्नाचं उत्तर

साल एक्याण्णव. शाळेत झेरॉक्सचं मशीन नुकतंच आलं होतं. त्यातून निघालेला गरम कागद गालाला लावून बघायचंही कौतुक होतं तेव्हा. त्याच वर्षी मोठ्या बाईंना वाटायला लागलं, की आपल्या कपाटाला कुणाचा तरी हात लागतोय.

मोठ्या बाई इंग्रजी विभागाच्या प्रमुख. बातम्या, फोटो, जाहिराती डोळसपणे वाचायला शिकवणारा नवा विषयही त्यांच्याच गळ्यात पडला होता. दोन्हींचे तयार पाठ त्या बनवायच्या. एकेका फाइलीत उतारा, चित्र, प्रश्न, शिक्षकांना सूचना. फाइल उघडायची आणि शिकवायला लागायचं. दुसऱ्या शाळांतूनही लोक मागून न्यायचे. उत्तरांचा कागद मात्र बाई कुणाला देत नसत. तो कपाटात, कुलपात.

"उत्तरंसुद्धा आयती दिली, तर मास्तर हवेत कशाला?" असं त्या म्हणत.

नव्या बाई त्या वर्षी लागल्या, एक वर्षाच्या बोलीवर. फोटोग्राफरची मुलगी, वडिलांच्या स्टुडिओत वाढलेली, बोलायला कमी. बाकीच्यांना एक फाइल सोडवायला दोन दिवस लागायचे. या मधल्या सुट्टीत मोकळ्या. आणि उत्तरं मोठ्या बाईंच्या कागदाशी तंतोतंत. बसायच्याही नेमक्या कपाटाला खेटून.

"इथे उजेड चांगला येतो," त्या म्हणाल्या होत्या.

"उजेड म्हणे!" घरी आल्यावर बाई धाकट्या बहिणीला म्हणाल्या. "काय उजेड पाडतेय ते मला कळतंय. कपाटाची दुसरी किल्ली शिपायाकडे असते, आणि त्याच्याशी हिचं फार गुळपीठ."

धाकटी घरीच कपडे शिवायची. ताईचे वाया गेलेले कागद जोडून त्यांचे पॅटर्न कापायची. कात्री न थांबवता ती म्हणाली, "ताई, तुझा जन्मच संशयात गेला. लहानपणी बिस्किटं मोजून झोपायचीस."

"आणि सकाळी एक कमी भरायचं, ते?"

धाकटी खुदकन हसली. "ते खरं म्हणा."

बाई एका फाइलीसाठी चित्र चिकटवत होत्या. जुन्या मासिकातला फोटो. रस्त्यात उभा असलेला एक माणूस आणि त्याच्या डोक्यामागे घड्याळाचा मनोरा. घड्याळावर आकडे नव्हते, नुसत्या रेघा. फोटोखालची ओळ बाईंनी कापून टाकली होती. मुलांनी वाचून नव्हे, बघून सांगावं म्हणून.

धाकटी वाकून बघायला लागली. "अगबाई! यानं घाईत बायकोचा शर्ट घातलाय की काय? बटणं बघ कुठल्या बाजूला!"

"तुला मेलीला बटणांपलीकडे काही दिसतं का? सरक तिकडे."

सातवा प्रश्न होता: हा फोटो सकाळचा की दुपारचा? कशावरून? काटे दहा वाजून दहा मिनिटं दाखवत होते. पोरानंसुद्धा सांगितलं असतं. बाईंनी पेन उचललं आणि उत्तरांच्या कागदावर मुद्दाम लिहिलं, 'दुपार'. दुसऱ्या दिवशी शाळेत तो कागद कपाटात ठेवला, कुलूप लावलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नव्या बाईंच्या वर्गाच्या वह्या मागवल्या. सातवा प्रश्न. दुपार, बरोबर. दुपार, बरोबर. एकीत सकाळ, त्यावर लाल फुली. 'कशावरून'खाली मुलांनी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचायची बाईंना गरजच वाटली नाही.

मुख्याध्यापक गणिताचे. त्यांनी उत्तरांचा कागद पाहिला, वह्या पाहिल्या आणि चष्मा काढला.

"नव्या बाई, हे उत्तर तुम्हाला कुठून मिळालं?"

"चित्रातून, सर."

"चित्रात घड्याळ आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "घड्याळ बघता येतं ना तुम्हाला?"

नव्या बाईंनी मान वर केली. "मोठ्या बाई, ते चित्र जरा आणता का? मी दाखवते."

"मी कापलेलं चित्र तुम्ही मला दाखवणार?"

"एकदाच बघा. मला वाटलं, तुम्ही मुद्दामच तसा फोटो निवडलाय. इतका छान प्रश्न…"

"पुरे! चोरी ती चोरी, वर मस्करी?"

शिपाई दारातच उभा होता. "साहेब, पोरांची शपथ, मी किल्ली कुणाला दिलेली नाही." त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

नव्या बाईंनी खडू टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि निघाल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "पाठ मात्र फार सुरेख बनवता तुम्ही." मोठ्या बाईंना ते फार झोंबलं.

पुढे मुख्याध्यापक निवृत्त होऊन मुलाकडे गेले. शिपायाला दूरच्या शाखेत पाठवलं. रोजची ये-जा झेपेना, तेव्हा त्याने नोकरी सोडली. नव्या बाईंना कुठल्या शाळेने घेतलं नाही. वडिलांच्या स्टुडिओत त्या पासपोर्टचे फोटो काढत राहिल्या. मोठ्या बाईंच्या पाठांचं पुस्तक निघालं, तीन आवृत्त्या संपल्या. त्यात सातवा प्रश्न होता आणि मागे उत्तर होतं, 'सकाळ'.

बाईंच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या थंडीत धाकटीने ताईसाठी जाकीट शिवायला घेतलं. पॅटर्नला कागद कमी पडला, म्हणून माळ्यावरचा ताईच्या फाइलींचा जुना गठ्ठा काढला. कापलेला पॅटर्न ताईच्या खांद्याला टाचण्यांनी लावला आणि तिला आरशासमोर उभं केलं.

"हलू नकोस गं." मग आरशात बघून धाकटी हसायला लागली. "ताई, हा तुझा माणूस बघ! आता कसा स्वतःचा शर्ट घालून आलाय!"

मोठ्या बाईंनी आरशात पाहिलं. त्यांच्या छातीवर तो रस्ता होता, तो माणूस होता, आणि त्याच्या डोक्यामागच्या मनोऱ्यावर दोन वाजायला दहा मिनिटं कमी होती.