नाथाजी धाकटा होतो

जन्मभर थोरलेपण मिरवलेला नाथाजी त्या सकाळी शिराळ्यात हरणाबाईच्या अंगणात बसून, आपण धाकटे आहोत हे तिला पटवून देत होता.

हरणाबाई पलूसची जुनी सुईण. हात थकल्यावर लेकीकडे शिराळ्याला येऊन राहिली होती. नाथाजी आणि सयाजी या जुळ्यांना तिनेच जगात आणले होते. नागपंचमी तोंडावर आलेली, त्यामुळे अंगणाच्या एका कोपऱ्यात फडके बांधलेले मडके होते आणि त्यात तिच्या जावयाने धरून आणलेला नाग होता. नाथाजी दुसऱ्या कोपऱ्यात बसला होता आणि बोलताना मडक्यावरची नजर हलवत नव्हता.

प्रकरण घराचे होते. बाप जाऊन वर्ष झाले होते. शेत त्याने हयातीतच वाटून दिले होते, राहिले घर. पुढे रस्त्याला लागून ऐसपैस सोपा, मागे गोठा, परडे आणि पावसाळ्यात जागोजाग गळणारे स्वयंपाकघर. लढाई संपल्यापासून सर्व्हिस मोटार नेमकी त्या सोप्यासमोर थांबू लागली होती. नाथाजीला झोपेतसुद्धा तिथे चहाचे हॉटेल दिसायचे आणि गल्ल्यावर तो स्वतः.

अडचण रीतीची होती. भावांच्या वाटणीत थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे वाटे पाडणारा लबाडी करत नाही. नाथाजी सयाजीच्या घटकाभर आधी जन्मलेला. त्या घटकेच्या जोरावर त्याने आजवर पहिला फेटा, पहिले ताट, मांडवातला पहिला मान, सगळे उपटले होते. सयाजी पलटणीतून सुट्टीवर आला तरी आधी याच्या पाया पडायचा. आता तीच घटका नाथाजीच्या उरावर बसली होती. आधी उचलायला मिळाले तर सयाजी सोपाच उचलणार, हे उघड होते.

"मावशी, तुमीच म्हणायचा न्हवं," नाथाजी म्हणाला, "जुळ्यात जो आदी आत गेला, त्यो मागनं भायेर येतो."

"म्हणायची काय, खरंच हाय ते. पिशवीत आदी घातल्यालं मागनंच निघतंय."

"मग मी आदी निघालो. म्हंजे मी धाकटा."

हरणाबाईने त्याच्याकडे नीट पाहिले. हीच गोष्ट तिने त्याच्या लग्नात सांगितली होती, तेव्हा नाथाजीने तिला मांडवातून हाकलायचे तेवढे बाकी ठेवले होते. तिने त्याची आठवण करून दिली. नाथाजीने निमूटपणे पिशवीतून लुगडे काढले. कापड कंट्रोलवर मिळायचे ते दिवस; हे कोरे लुगडे त्याने बायकोच्या ट्रंकेतून तिला न विचारता आणले होते. हरणाबाईने काठ चाचपून पाहिला आणि येते म्हणाली.

वाटणीच्या दिवशी पंच सोप्यात बसले, मधोमध हंबीरराव पाटील. उंबऱ्याशी दोघांची आई, तानुबाई, मिश्री लावत बसली होती. बाप गेल्यापासून ती कोणत्या सुनेच्या चुलीवर जेवते हे नाथाजीला नेमके ठाऊक नव्हते. उपाशी दिसत नव्हती, म्हणजे कुठेतरी जेवत असणार. थोरला कोण हे तिला विचारून उपयोग नव्हता. बाळंतपणात माझी शुद्ध गेली होती, एवढेच ती सांगायची.

हरणाबाई नवे लुगडे नेसून आली आणि पिशवीचा दाखला देऊन बोलली. पंचांनी माना डोलावल्या. नाथाजीची बायको मात्र शेवटपर्यंत त्या लुगड्याकडेच बघत होती.

सयाजी भांडेल म्हणून नाथाजीने उत्तरे पाठ करून ठेवली होती, पण तो भांडलाच नाही. हरणाबाई सांगतात म्हणजे खरेच असणार, एवढेच बोलला. नाथाजीला त्याची दया आली. मग लगेच धास्तीही वाटली, की हा भोळा माणूस उद्या बायकोचे ऐकून फिरायचा. म्हणून त्याने स्वतःच शपथेसाठी बेलभंडारा मागवला आणि पंचांसमोर दोघांनी तो उचलला. थोरला पाडेल ते वाटे, धाकटा उचलेल तो त्याचा, मागाहून कोणी तोंड उघडायचे नाही.

एवढे झाल्यावर, रीत म्हणून, नाथाजी सयाजीच्या पाया पडला. लोक हसले. नाथाजीलाही हसू आले. सोप्याच्या मानाने हे काहीच नव्हते.

हंबीररावांनी सयाजीच्या हातात दोन सुपाऱ्या दिल्या. एकेक वाटा बोलायचा आणि त्याची सुपारी पंचांपुढे ठेवायची, असे त्यांनी समजावले. पलटणीतला माणूस हुकूम ऐकतो तसे सयाजीने ते उभ्याने ऐकून घेतले. मग खाली बसून पहिली सुपारी ठेवली.

"ह्यो एक वाटा. सोपा, माजघर, गोठा, परडं. सगळं घर."

नाथाजीला वाटले, आपल्या कानांत काहीतरी बिघाड झाला. पण हात कानांच्या आधी शहाणा झाला होता, तो सुपारीकडे निघालासुद्धा. सयाजीने घाई केली नाही. दुसरी सुपारी त्याने पहिलीच्या शेजारी, जरा जपून ठेवली.

"आन् ह्यो दुसरा वाटा. आपली आय."

पंचांपासून दारात दाटलेल्या बायकांपर्यंत सगळे नाथाजीच्या हाताकडे पाहत होते आणि तो हात मध्येच थांबला होता. तानुबाईने मिश्रीचे बोट पदराला पुसले.

"उचल की रं, धाकट्या," ती म्हणाली.