नौकेची खिडकी

"बाबा, एवढा लाल डाग झाकला की तुमची युद्धनौका पुरी होईल." मुलीने ब्रश राखाडी रंगात बुडवला.

प्लास्टिकच्या संचाचे सुटे भाग तिच्या आईने आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिळून जोडले होते. "नौदलात असताना तुम्ही झोपायचात कुठे?" तेव्हा तिच्या आईने विचारलं होतं. मी नौकेच्या पोटावर बोट ठेवलं होतं.

"इथे खिडकी कुठाय?"

"युद्धनौकेच्या पोटात खिडक्या नसतात."

"म्हणजे मी धक्क्यावरून हात हलवायचे, ते दिसायचंच नाही?"

"नाही गं."

तिने आपल्या लाल नेलपॉलिशने तिथे खिडकी काढली. "आता दिसेल."

ती वारल्यापासून नौका तशीच पडून होती. मी मुलीच्या हातातून ब्रश घेतला आणि खिडकी सोडून बाकीचं रंगवलं. मग नौका कपाटावर ठेवली, खिडकी स्वयंपाकघराकडे करून.