गरम मुठी

"काढून टाक," प्रेमलाल म्हणाला. "साध्या बसव. रबराच्या."

राकेशनं मोटारसायकलच्या हँडलकडे पाहिलं. या मुठी त्यानंच तीन आठवड्यांपूर्वी बसवल्या होत्या. बटण दाबलं की आतली तार तापायची आणि थंडीत गाडी चालवणाऱ्याचे हात गरम राहायचे. बालाघाटात अशी वस्तू त्याच्या गॅरेजात पहिल्यांदाच आली होती. वायर बॅटरीपर्यंत न्यायला अर्धा दिवस गेला होता.

"काहून काका? बंद पडल्या?"

"नाही. चालून राह्यल्या."

नऊ वाजून गेले होते. बैहर रोडवर ऊन चांगलं पसरलं होतं. लामत्याकडच्या गावांतून पहाटे गोळा केलेलं दूध प्रेमलाल शहरातल्या हॉटेलांना घालून आला होता, रिकामे डबे गाडीला तसेच लटकत होते. हातांतले लोकरीचे मोजे मात्र त्यानं अजून काढले नव्हते.

"श्रुतिकानं पुण्याहून पाठवल्या ना ह्या?" राकेशनं विचारलं. "तिले काय सांगसान?"

प्रेमलालनं उजव्या हातातला मोजा ओढला. तळहातावर मलम थापलेलं होतं. त्याखाली कातडी ठिकठिकाणी पांढरी होऊन सोलली होती.

राकेश पाना खाली ठेवून जवळ आला. "काका, चटका लागला तं समजलं नाही तुमाले?"

"नाही ना. घरी येऊन चाहाचा कप धरला, तं कप ओला. म्हनलं चाहा सांडला. पाह्यतो तं हातावरचा फोड फुटलेला." त्यानं मोजा परत चढवला. "शुगरनं नसा गेल्या, डॉक्टर म्हने. आता गरम काय अन् थंड काय, हाताले पत्ताच नाही."

"पोरीले माहीत हाय?"

"शुगर माहीत हाय. हे नाही."

दिवाळीच्या दिवशी तो फोनवर फक्त एवढंच म्हणाला होता, की सकाळी गाडीवर हात सुन्न होऊन जातात. श्रुतिकाला वाटलं, थंडीनं. त्यानं ते तसंच राहू दिलं. आठ दिवसांनी पार्सल आलं. त्यानंतर रोज सकाळी ती विचारायची, पप्पा, गरम होतात ना हात? तो हौ म्हणायचा.

"पहिल्या दिवशी एक नंबरवर ठेवलं," प्रेमलाल म्हणाला. "काही वाटलं नाही. मंग दोनवर केलं. मंग तीनवर. म्हनलं, पोरीनं पाठवलं, थोडं तं लागन."

राकेश परत गाडीपाशी गेला. त्यानं ब्लेड घेतलं आणि डावी मूठ उभी चिरली.

"सांगून द्या तिले," थोड्या वेळानं तो म्हणाला. "आज गोंदियाच्या गाडीत बसन, उद्या दारात उभी राहीन."

"हौ. उभी राहीन."

हे प्रेमलालला कोणी सांगायची गरज नव्हती. श्रुतिका घरी येऊन दोन वर्षं झाली होती. आधी नवी नोकरी, मग सुट्टी नाही, मग तिकीट नाही. तिला बोलवायला काय पुरेल, ते तो आठवडाभर हातातच घेऊन फिरत होता. हाताचा फोटोही त्यानं काढून ठेवला होता. पाठवायला दोनदा उघडला, दोनदा मिटला.

"रडत येईन," तो म्हणाला. "माह्याच्यानं झालं म्हणन, अन् जनमभर म्हणन. अशी नाही आनायची तिले."

उजवी मूठ निघायला वेळ लागला, कारण ॲक्सिलेटरची नळीही बदलावी लागली. राकेशनं जुन्या वायरी गुंडाळून काढल्या. नव्या मुठींना आतून पेट्रोल लावून त्या दाबून बसवल्या. प्रेमलालनं मोजा काढून मूठ धरून पाहिली. घट्ट बसली होती की नाही, ते त्यानं डोळ्यांनीच ठरवलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. श्रुतिका ऑफिसच्या जिन्यात उभी होती, गळ्यात कार्ड, हातात डबा.

"पप्पा, कुठे आहात? अजून घरी नाही पोहोचले?"

"राकेशच्या गॅरेजात हाय. ते ग्रिप काढून घेतल्या बेटा."

"का?"

"बॅटरी खाऊन राह्यल्या होत्या. सकाळी गाडीच उठे ना."

राकेश खाली बसून हत्यारं आवरू लागला.

श्रुतिकाचा चेहरा उतरला. "मी रिव्ह्यू वाचून मागवल्या होत्या हो. आता परत सुन्न पडतील ना हात."

"मोजे हाय ना. चांगले लोकरीचे हाय."

"हातात तर नाहीत तुमच्या. दाखवा बरं हात."

प्रेमलालनं राकेशकडे पाहिलं. राकेशनं मान वर केली नाही. प्रेमलालनं उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. पालथा.

श्रुतिकानं चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. जिन्यातून कोणी तरी तिला हाक मारून गेलं, तिनं वळून पाहिलं नाही.

"नखं किती वाढली पप्पा," ती म्हणाली. "कापत नाही का?"

त्यानंही मग आपल्या नखांकडे पाहिलं. पिवळी, वाकडी, एक अर्धवट तुटलेलं. नेलकटर बोटांत धरलं आहे की सुटलं, तेच कळत नव्हतं, म्हणून त्यानं केव्हाच कापणं सोडलं होतं.

"तू आली म्हनजे काप," तो म्हणाला, आणि हात तसाच धरून ठेवला.