उंबऱ्यावरचं पाऊल

चुन्यात उमटलेलं पाऊल टाचेपासून अंगठ्यापर्यंत बरोबर बारा बोटं लांब होतं. डावं, आणि एकटंच.

राज्य बदललं की सिमी बेटावर चर्चच्या उंबऱ्याला चुना लावत. कोणी फिरकत नसे, तरी सकाळी पाऊल दिसे. ते ज्याचं, त्याने बेटाच्या किल्ल्या बंदरावर पोचवायच्या. तुर्क आले तेव्हा एक सुतार गेला होता, तो परतला नाही. किल्ल्या पोचल्या, माणूस कोणी आलाच नाही, असं तुर्क म्हणाले.

आता इटलीची जहाजं आली होती. पुरुषांची पावलं मोजून झाली. बायकांच्या पायांना हात लावत नसत. त्यांनी शपथेवर सांगायचं. बाकी सगळ्या सुटल्या. उरल्या कॅलिरोई आणि तिची मुलगी अँथी.

चुना ओला असतानाच कॅलिरोईने गुपचूप आपलं पाऊल ठेवून पाहिलं होतं. ठशाची कड कुठेच मोडली नव्हती. अँथीचं पाऊल अकरा बोटांचं; तिचे जोडे कॅलिरोईच शिवायची.

"तीन दिवस झाले, बाई," चौकशीला बसलेला म्हातारा सेवास्तोस करवादला. "नवऱ्याशी भांडताना बरी जीभ चालायची तुझी! कुणाचं आहे?"

अँथीने आईचा हात घट्ट धरला. "सांग ना गं आई. मग घरी जाऊ."

कॅलिरोईने हात सोडवून घेतला.

"हिचं," ती म्हणाली.