आतली कडी

लेखकाच्या आयुष्यावर निघालेल्या हिंदी सिनेमाचा पहिला खेळ होता. त्याची घटस्फोटित बायको, बापाकडे वाढलेल्या लेकीच्या आग्रहाखातर, तिच्याशेजारी जीव मुठीत धरून बसली होती. पडद्यावरची बायको तापाने फणफणलेलं तान्हं लेकरू पाळण्यात टाकून निघून गेली. लेकीने हातातला हात काढून घेतला. “अशी गेलीस तू?” इतकी वर्षं बापलेकीत वितुष्ट नको म्हणून आईने तोंड शिवलं होतं. आज राहवेना. “तुझं औषध आणायला गेले होते. परतले तर दाराला आतून कडी. ठोठावून हात सुजले. बाबांनी उघडलं नाही.” दिवे लागले. अभिनंदनाच्या गराड्यातून वाट काढत लेक बापासमोर उभी राहिली. “बाबा, कडी कोणी लावली?” लेखकाने चष्मा पुसला. “बाळा, सिनेमात सगळंच दाखवता येत नाही.” लेकीने परत येऊन आईची पर्स उचलली. “चल, तुझ्या घरी जाऊ.”