एक मात्रा चांदी

"जिवंत आहेत!" सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता सर ओरडले. आवाजात आनंद मात्र औषधालाही नव्हता.

चिमटी शेजारीच उभी होती. हे नाव सरांनीच ठेवलेलं. शिकत असताना ती त्यांच्या प्रत्येक वाक्याला चिमटा काढायची. आता तिचेही केस पिकले होते, पण नाव काही सुटलं नव्हतं. दोघांचा वादही तेवढाच जुना. चांदीचे नॅनोकण, डोळ्याला न दिसणारे, जिवंत पेशींत शिरले तर काय होतं? औषधापुरत्या मात्रेनं काही बिघडत नाही, असं सर म्हणत. पेशी मरतात, असं चिमटी म्हणे. या एका गोष्टीवरून दोघांनी कितीतरी परिषदा डोक्यावर घेतल्या होत्या. उद्या सर निवृत्त होणार होते. आजची ही पेशींची शेवटची बशी काय तो निकाल लावणार होती.

पेशी सरांनी वाढवायच्या, त्यात एक मात्रा चांदी चिमटीनं सोडायची, अशी वाटणी होती. काल पिपेट हातात घेतलं आणि तिचं मन फिरलं. म्हातारा हरून घरी जाणार, हे तिला सोसवेना. तिनं नुसतं पाणी सोडलं. प्रयोगशाळेतली तिची ही पहिलीच लबाडी. पेशी जगणार हे ठरलेलंच होतं. मग सरांचं तोंड का उतरलं?

"शक्यच नाही," सर पुटपुटले. "मेल्याच पाहिजेत."

"अहो सर, जगतात असं तुम्हीच तर म्हणत होता!"

"अगं, दुप्पट चांदी आहे त्यात!" सर उगाचच चष्मा पुसू लागले. "तू गेल्यावर मी आणखी एक मात्रा सोडली. म्हटलं, जाता जाता पोरीला जिंकू द्यावं."

चिमटीला भरून आलं आणि पाठोपाठ हसूही फुटलं. हसता हसता तिनं आपलं पाप कबूल केलं. सरांनी बोटांवर हिशेब मांडला. हिची शून्य, माझी एक.

"म्हणजे बशीत बरोब्बर एकच मात्रा!" ते ताडकन उठले. "आणि पेशी ठणठणीत! मीच खरा!" मग मटकन खाली बसले. "पण हे छापायचं कोणत्या तोंडानं?"

"नका छापू. मला कळलं ना. हरले मी, सर."

हे ऐकायला सरांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. पण त्यांचा पाराच चढला.

"एका बशीवरून हार मानतेस? हेच शिकवलं का गं मी तुला? सोमवारी लवकर ये. नव्या पेशी लावू!"