ताकद लागते

प्रांजलच्या आवडत्या सिरीजमध्ये या सीझनला सुपरहिरो म्हणून एक बाई आली. प्रांजल जाम खूश झाली, पण ती बाई दर एपिसोडला हाणामारी थांबवून समानतेवर भाषण द्यायची. "अगं बये, बोलत काय बसलीस, हाण की," प्रांजल मोबाईलवर खेकसायची.

कॉलेजच्या गॅदरिंगला सरांनी त्याच सिरीजवरून नाटुकलं बसवलं. सुपरहिरो केला ओतूरच्या कापडवाल्यांच्या अरिहंतला. "जळत्या घरातून माणूस उचलून आणायला ताकद लागते," सर म्हणाले. प्रांजलनं नुसतं बेशुद्ध पडायचं आणि वाचल्यावर माईकपाशी येऊन मुलगा-मुलगी समान असल्याचा संदेश द्यायचा.

गॅदरिंगच्या दिवशी पाठीवर लाल झगा टाकून अरिहंत तिला उचलायला वाकला. तेवढ्यात त्याच्या कमरेत उसण भरली आणि गडी तिथंच बसला. सगळं पब्लिक हसायला लागलं.

बेशुद्ध प्रांजल उठली. घरच्या कळपातली लंगडी मेंढी घ्यावी तसा तिनं त्याला खांद्यावर टाकला आणि थेट माईकपाशी आली. पडद्याआडून सर कुजबुजले, "प्रांजल, संदेश दे, संदेश."



"संदेश राहू द्या, सर. ह्याला कुठं उतरवू तेवढं सांगा."